व्हिडिओ कॉलमध्ये आपला चेहरा का दिसत नाही?



बेणेनिवड, खोडकीड, पाचट आच्छादन असे विषय या पानावर नेहमी येतात. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, पण तोही आता आपल्या दारात येऊन बसला आहे. मोबाईलवर किंवा संगणकावर समोरासमोर बोलताना पलीकडचा माणूस आपल्याला दिसतो, आपण मात्र त्याला दिसत नाही. पडदा काळा राहतो, नाही तर ‘कॅमेरा उपलब्ध नाही’ अशी पाटी येते. असे झाले म्हणजे आपल्यापैकी बरेचजण फोन दोन-चारदा तळहातावर आपटतात आणि मग लाखांदूरच्या बाजारात दुकान शोधतात. या दोहोंची गरज सहसा नसते.

आधी घरचीच गोष्ट सांगतो. माझे थोरले बंधू चुलबंदच्या काठाला शेती करतात. थोडा ऊस, बाकी धान. मुलगा पुण्याला नोकरीस आहे. दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल ठरलेला. एका रविवारी नातीला आजोबा दिसेनात. ती पलीकडून ओरडत होती, “आजोबा, तुम्ही दिसतच नाही!” आणि इकडे बंधू फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणत होते, “मी तं तुले पाहून रायलो ना बाई, मंग तूच काहून नाई पाहत?” दुसऱ्या दिवशी ते फोन घेऊन बाजाराला गेले. एका दुकानदाराने फोन उलटसुलट करून पाहिला, कॅमेरा बदलावा लागेल म्हणाला आणि खर्चाचा आकडा सांगितला. आकडा ऐकून बंधू फोन खिशात घालून सरळ माझ्याकडे आले.

मी काही या विषयातला पंडित नव्हे. पण एक गोष्ट ठाऊक होती, ती केली. व्हॉट्सअ‍ॅप बाजूला ठेवून फोनमधला साधा फोटो काढायचा कॅमेरा उघडला, तो पुढच्या, म्हणजे तोंडाकडच्या बाजूला फिरवला आणि त्यांचाच फोटो काढला. फोटो स्वच्छ आला. म्हणजे भिंगही ठीक, आतली तारही ठीक. दुकानदार जो बदलणार होता तो कॅमेरा धडधाकट होता. अडचण दुसरीकडेच होती.

ही पहिली परीक्षा ज्याने त्याने घरीच करावी. साध्या कॅमेऱ्यात चित्र येत असेल तर वस्तू चांगली आहे आणि बिघाड वाटेत आहे. साध्या कॅमेऱ्यातही काळेच दिसत असेल, तर मात्र आधी भिंगावर काय आहे ते पाहावे. पुठ्ठ्याचे झाकण वर सरकलेले असते, नवा फोन घेताना लावलेली प्लास्टिकची पापुद्री तशीच असते, शेतातून आलेल्या हाताचा चिकटा असतो. अलीकडच्या काही लॅपटॉपवर कॅमेऱ्याच्या तोंडाशी ज्वारीच्या दाण्याएवढी सरकती झडप असते. ती बंद ठेवून लोक तासन्‌तास संगणकाशी झगडतात. यात लाजण्यासारखे काही नाही, शिकलेसवरलेलेही यात फसतात.

आता वाटेत काय काय असते ते पाहू.

आपला ऊस फडातून गव्हाणीत कसा जातो ते आठवा. ऊस उभा आहे, वाहनही आहे, पण तोडणीची चिठ्ठी नसेल तर काम सुरू होत नाही. गाडी आली तरी काट्यावर एका वेळी एकच गाडी उभी राहते. काटा मोकळा झाल्याशिवाय दुसरी चढत नाही. आणि वजन होऊन गाडी आत गेली तरी चुकीच्या रांगेत लागली तर ताटकळते. कॅमेऱ्याचे हुबेहूब असेच आहे. कॅमेरा म्हणजे उभा ऊस, आणि व्हॉट्सअ‍ॅप, गूगल मीट, झूम ही अ‍ॅप म्हणजे गव्हाण. मधे चिठ्ठी आहे, काटा आहे, रांग आहे. दहातल्या बहुतेक वेळा घोटाळा चिठ्ठीत असतो, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

चिठ्ठी म्हणजे परवानगी. कोणतेही अ‍ॅप आपल्या मर्जीने कॅमेरा उघडू शकत नाही, ते तुम्हाला विचारते. अँड्रॉइड फोनमध्ये २०१५ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून हा नियम आला. त्याआधी अ‍ॅप घेतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. आता पहिल्यांदा कॅमेरा लागेल तेव्हा पाटी येते : अ‍ॅप वापरताना परवानगी द्या, फक्त या वेळी द्या, किंवा देऊ नका. आपण घाईत असतो, पाटी इंग्रजीत असते, बोट ‘नाही’वर पडते. तेवढ्याने बिघडत नाही, अ‍ॅप पुन्हा विचारते. पण २०२० मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीपासून एक बारीक गोष्ट झाली आहे. तुम्ही दोनदा ‘नाही’ म्हटले की फोन ते कायमचे उत्तर समजतो आणि तिसऱ्यांदा पाटीच दाखवत नाही. मग तुम्ही कॉलमधली कॅमेऱ्याची खूण कितीही दाबा, काही होत नाही. शिवाय एखादे अ‍ॅप काही महिने उघडलेच नाही तर फोन त्याला दिलेल्या परवानग्या आपणहून काढून घेतो. बंधूंच्या फोनात पहिला प्रकार झाला होता. शनिवारी धाकट्या नातवाने फोनशी खेळताना सारे पुसून अ‍ॅप नव्याने घातले, आलेल्या पाट्यांना ‘नाही, नाही’ करून मोकळा झाला. पोराला काय ठाऊक?

उपाय सोपा. फोनच्या सेटिंगमध्ये जावे. तेथे ‘अ‍ॅप्स’ अशी ओळ असते. तिच्यात आपले अ‍ॅप शोधून ‘परवानग्या’ (इंग्रजी फोनात ‘परमिशन्स’) उघडावे, कॅमेऱ्यावर बोट ठेवावे आणि ‘अ‍ॅप वापरताना’ हे निवडावे. तेथेच मायक्रोफोनचेही पाहून घ्यावे. चेहरा दिसतो पण आवाज जात नाही, ही याचीच जुळी तक्रार आहे. बंधूंचे काम एवढ्यात झाले. दोन मिनिटेही लागली नाहीत.

२०२१ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून फोनला आणखी एक दार आले आहे. पडद्यावरून बोट खाली ओढले की टॉर्च, वायफाय यांच्या खुणा दिसतात, त्यांत पुष्कळ फोनांत ‘कॅमेरा अ‍ॅक्सेस’ ही खूणही असते. ती बंद पडली तर एकूणएक अ‍ॅपचा कॅमेरा बंद. मामा तलावाच्या तुडुमासारखे समजा. तलाव तुडुंब भरलेला असो, पाट साफ असो, तुडूम लावलेले असेल तर बांधीत थेंब येणार नाही. तेव्हा चिठ्ठी बरोबर असूनही चित्र येत नसेल तर हे पाहावे.

संगणकाच्या बाबतीत तुडूम एक नसून दोन-तीन असतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ या भागात ‘कॅमेरा’ आहे. तेथे एक कळ संपूर्ण यंत्रासाठी, दुसरी अ‍ॅपसाठी आणि खाली उतरल्यावर तिसरी ‘डेस्कटॉप अ‍ॅप’साठी असते. ही तिसरी कळ खाली दडलेली असल्याने राहून जाते, आणि क्रोमसारखा ब्राउझर किंवा संगणकात घातलेले झूम नेमके तिच्यावरच चालते. सभा ब्राउझरमध्ये उघडली असेल तर ब्राउझर स्वतःची वेगळी चिठ्ठी मागतो. वर पत्त्याच्या ओळीत कुलुपाची किंवा कॅमेऱ्याची छोटी खूण असते. तिच्यावर रेघ मारलेली दिसली तर ती दाबून परवानगी द्यावी आणि पान नव्याने उघडावे. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत नसेल तर क्रोम कॅमेरा देतच नाही. ते बरेच आहे.

एवढी कटकट कशाला, असे कोणी विचारील. कारण आहे. जगातला पहिला वेबकॅम १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत लागला, तो एका कॉफीच्या भांड्यावर. दुसऱ्या मजल्यावरचे संशोधक जिने चढून उतरून यायचे आणि भांडे रिकामे सापडायचे, म्हणून त्यांनी भांड्याचे चित्र आपापल्या संगणकावर आणले. (आपल्या कँटीनच्या चहाच्या पातेल्यावरही असा कॅमेरा लावावा, अशी सूचना हंगामात कोणी केली तर मी तिला अनुमोदन देईन.) १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आले आणि २००१ साली तो कॅमेरा बंद करण्यात आला. तेव्हा कोणाची परवानगी लागत नव्हती, भांड्याला काय लाज? पण तोच कॅमेरा घराघरांत, निजण्याच्या खोलीपर्यंत गेला तेव्हा गोष्ट बदलली. जुलै २०१९ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले, की मॅक संगणकात झूम असेल तर एखादी वेबसाइट उघडताच माणूस नकळत सभेत ओढला जाऊ शकतो आणि त्याचा कॅमेरा सुरू होऊ शकतो. झूमला ते दुरुस्त करावे लागले, ॲपलनेही आपल्याकडून बंदोबस्त केला. तेव्हा या चिठ्ठ्या आणि ही तुडुमे आपल्या राखणीला आहेत. त्रास होतो म्हणून सगळी कायमची उघडी टाकू नयेत. व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपला कॅमेरा द्यावा, ज्या अ‍ॅपचे कॅमेऱ्याशी काम नाही त्याला देऊ नये. नव्या फोनात कॅमेरा चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. आपण कॉलवर नसताना ठिपका दिसला तर कोण कॅमेरा वापरतो आहे ते पाहावे.

काट्याचा प्रकार त्यामानाने साधा आहे. कॅमेरा दुसऱ्याच अ‍ॅपने धरून ठेवला असेल तर आपल्याला मिळत नाही. संगणकावर सकाळी मुलाची शिकवणी झालेली असते, ते अ‍ॅप कोपऱ्यात तसेच उघडे असते, आणि संध्याकाळी आपण दुसरे उघडून बसतो. सगळी अ‍ॅप बंद करावी. तरी चित्र येत नसेल तर यंत्रच बंद करून पुन्हा चालू करावे. या उपायाला लोक हसतात, पण अडकलेला काटा त्याने खरोखर मोकळा होतो.

रांग चुकण्याचा प्रकार संगणकावरच होतो. लॅपटॉपचा कॅमेरा एक, बाहेरून तारेने जोडलेला दुसरा. अ‍ॅपच्या ‘व्हिडिओ’ सेटिंगमध्ये कॅमेऱ्यांची यादी असते, तिच्यातून योग्य नाव निवडावे. बाहेरचा वेबकॅम यादीत दिसतच नसेल तर त्याची तार दुसऱ्या भोकात घालून पाहावी. तरीही नाही दिसला, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्याची नोंद काढून यंत्र पुन्हा चालू केले म्हणजे विंडोज ती बहुधा नव्याने करून घेतो. याच्या पुढचे काम जाणत्या माणसाचे. तेव्हा मात्र दुकानात जावे.

एक खूण लक्षात असू द्या, पुष्कळ वेळ वाचतो. कॉल चालू असताना कोपऱ्यातल्या लहान चौकटीत आपला चेहरा आपल्याला दिसतो ना? दिसत असेल तर कॅमेरा, चिठ्ठी, काटा सर्व ठीक आहे, आणि पलीकडे चित्र जात नाही ते रेंजमुळे. मग सेटिंगमध्ये हात घालू नये. घराच्या अंगणात यावे, नाही तर पावसाचा जोर ओसरण्याची वाट पाहावी. चौकटच काळी असेल तरच वर सांगितलेले सर्व करावे.

हे सारे नातवंडांशी बोलण्यापुरते असते तर या पानावर एवढी जागा घेतली नसती. पण तीच चिठ्ठी आता शेतकऱ्याच्या सरकारी कामातही लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत उभ्या पिकाचा फोटो अ‍ॅपमधूनच काढावा लागतो. पीएम-किसानची ओळख पटवणी चेहरा दाखवून करण्याची सोय जून २०२३ मध्ये आली. ई-संजीवनीवर डॉक्टर व्हिडिओवरून तपासतात. या प्रत्येक ठिकाणी कॅमेरा अडला की “सर्व्हर डाऊन आहे” असे म्हणून माणूस घरी येतो, आणि दोष निघतो चिठ्ठीचा. पीक पाहणीची मुदत तर थांबत नाही.

आणि सभासद म्हणून आपला संबंध याहून जवळचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे वर्षातून एकदा सभासदांची सर्वसाधारण सभा व्हावी लागते. कोरोनाच्या काळात माणसे जमवता येईनात, तेव्हा आधी मुदती वाढल्या आणि पुढे २०२१ मध्ये दूरदृश्य पद्धतीने सभा घेण्याची मुभा मिळाली. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी अशा सभा घेतल्या. आम्हाला बोलूच दिले नाही, आमचा आवाज बंद ठेवला, अशा सभासदांच्या तक्रारी त्या वेळी वर्तमानपत्रांतून आल्या. पुढे सभा पुन्हा मंडपात भरू लागल्या, तरी अशी वेळ परत येणार नाही असे कोणी सांगावे? म्हणून एक भेद प्रत्येक सभासदाला कळला पाहिजे : आपला कॅमेरा अडला आहे, की सभा चालवणाऱ्याने बंद ठेवला आहे.

तो ओळखता येतो. झूममध्ये सभा चालवणाऱ्याला, म्हणजे ‘होस्ट’ला, कोणाचाही व्हिडिओ थांबवता येतो. तसे असेल तर तुम्ही कॅमेऱ्याची खूण दाबताच ‘होस्टने व्हिडिओ थांबवला आहे, तुम्ही सुरू करू शकत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी येते. गूगल मीटमध्येही सर्वांचे कॅमेरे आणि आवाज बंद ठेवण्याच्या कळा होस्टच्या हाती असतात. ही पाटी आली तर फोनमधली एकही सेटिंग बदलण्यात अर्थ नाही. उलट ‘परवानगी नाही’, ‘कॅमेरा सापडला नाही’, ‘दुसरे अ‍ॅप कॅमेरा वापरत आहे’ अशी पाटी आली तर दोष आपल्याकडचा. शेकडो माणसांच्या सभेत होस्टने सर्वांचे कॅमेरे बंद ठेवणे गैर नव्हे, नाही तर रेंज पुरणार नाही. पण ज्याने हात वर केला त्याला पाळीने दाखवले आणि ऐकले पाहिजे. “भाऊ, तुमच्याच मोबाईलमधी बिघाड आहे” असे कोणी म्हणाले, तर ती पाटी वाचून दाखवता आली पाहिजे. फोनची बाजूची दोन बटणे, पॉवर आणि आवाज कमी करण्याचे, एकदम दाबली की बहुतेक फोनांत पडद्याचा फोटो निघतो. पाटीचा तसा फोटो काढून ठेवावा, तक्रार अर्जासोबत तो जोडता येतो. सभेच्या आदल्या रात्री घरातल्याच दुसऱ्या फोनवर एक कॉल लावून चेहरा आणि आवाज तपासून घेतला म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही.

आता सावधगिरीचे, आणि हे घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवावे.

कॅमेरा चालत नाही म्हणून इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधू नये. तेथे उचलणारा माणूस गोड बोलतो, “मी इथूनच ठीक करून देतो जी,” म्हणतो आणि एनीडेस्कसारखे एखादे अ‍ॅप घालायला लावून आकडा विचारतो. ते अ‍ॅप मुळात वाईट नाही, दूरच्या संगणकावर काम करण्यासाठीच ते केलेले आहे. पण आकडा सांगितला की आपला फोन त्याच्या हाती जातो, आणि ऊस बिलाचे पैसे ज्या खात्यात जमा होतात ते खातेही त्याच फोनात असते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना या प्रकाराविषयी सावध केले होते. कॅमेऱ्याच्या परवानगीसाठी कोणतेही नवे अ‍ॅप लागत नाही, कोणताही ओटीपी लागत नाही.

दुसरा प्रकार त्याच्या उलटा. अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल येतो, समोर पोलिसाचा पोशाख, मागे कचेरीसारखी भिंत. तुमच्या नावाने गुन्हा आहे, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केली आहे, कॅमेरा बंद केलात तर खैर नाही, असा दम देतात आणि पैसे मागतात. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही सांगितले, की कायद्यात अशी अटकच नाही. तेथे कॅमेरा बंद करावा, फोन ठेवावा आणि घरच्यांना हाक मारावी. पैसे गेले असतील तर उशीर न करता १९३० या नंबरवर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे वाटेतच अडवले जाण्याची आशा असते. लाजेने आठ दिवस गप्प राहिले तर कोणाच्या हाती काही राहत नाही.

बंधूंना मी हे सर्व सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, “मंग त्या दुकानदारानं का पायलं होतं?” त्याने काय पाहिले ते त्यालाच ठाऊक. पुढच्या रविवारी नातीला आजोबा दिसले, मात्र कपाळापासून वर. फोन थोडा खाली धरायचा असतो, हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले होते.